लाल शाईतला 'अ'

स्वेटरच्या आतल्या पट्टीवर काय लिहिलंय, हे लाँड्रीतल्या त्या माणसानं तिला विचारलं आणि तिथूनच सगळं सुरू झालं. बाहेर पाऊस भुरभुरत होता, आत इस्त्रीची वाफ दाटली होती. त्यानं तिच्या स्वेटरचे खिसे उलटे केले होते, कारण खिसे तपासल्याशिवाय कपडा पाण्यात टाकायचा नाही आणि सापडेल ते ज्याचं त्याला परत करायचं, हा त्याच्या मामांच्या दुकानाचा नियम होता. सापडला खडूचा तुकडा.

"म्हणजे तुम्ही बाई. मग सांगा, हे ल्यूकवॉर्म म्हणजे काय?"

"कोमट."

"मी कोपर बुडवूनच बघत होतो. तुमच्या स्वेटरचं पाणी."

"सगळ्यांचंच असं बघता?"

तो जरा घुटमळला. "सगळ्यांचं... बोटानं."

पुढच्या आठवड्यात तो तिच्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसला. त्याला मोठ्या जहाजावरच्या लाँड्रीत नोकरी हवी होती, आणि मुलाखत इंग्रजीत होणार होती.

वर्गाची तिची एक ठरलेली पद्धत होती. प्रत्येक नव्या शब्दाची दोन वाक्यं चिठ्ठीवर लिहायची, एक सरळ अर्थाचं आणि एक आडवळणाच्या अर्थाचं. ती लाल शाईनं चुका दुरुस्त करायची, आणि ज्याची चिठ्ठी त्यानं खाली सुधारलेलं वाक्य पुन्हा नीट लिहून काढायचं. तिच्या लाल पेनाची घरीही थट्टा व्हायची. तुला कुणी मागणी घातली ना, तर तू आधी त्यातलं शुद्धलेखन तपासशील, असं ताई म्हणायची.

'लोकर कोमट पाण्यात धुवावी' हे वाक्य त्याला झटक्यात जमलं. दुसऱ्यापाशी मात्र गाडी अडली. तिनं समजावलं, स्वागत कोमट असतं, उत्तरही कोमट असतं. धड हो नाही, धड नाही नाही.

"असं उत्तर देतं तरी कोण?"

"घाबरलेली माणसं," ती सहज बोलून गेली.

त्यानंतर बसथांब्यापर्यंतचा रस्ता ते एकाच छत्रीतून चालू लागले. तो वाटेतल्या पाट्या मोठ्यानं वाचायचा, ती उच्चार सुधारायची, आणि बस आली की दोघांनाही ती फार लवकर आल्यासारखी वाटायची. त्याचा छत्रीबाहेरचा खांदा रोज भिजायचा. तिला ते दिसायचं, पण ती कधी काही बोलली नाही... बोलायला हवं होतं.

नोकरी मिळाली. करार तीन वर्षांचा होता आणि आठ दिवसांत निघायचं होतं. शेवटच्या तासाला त्यानं चिठ्ठी पुढे केली. या वेळी चिठ्ठीवर एकच वाक्य होतं, इंग्रजीत – 'बाई राहा म्हणाल्या तर मी जाणार नाही, मला कोमट उत्तर देऊ नका.'

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. टेबलाभोवती आणखी तिघं चिठ्ठ्या धरून उभी होती. आपल्या एका शब्दापायी त्यानं हातातली नोकरी सोडली आणि उद्या पस्तावला तर? या विचारानं तिचं धाबं दणाणलं. हात मात्र सवयीनं चालला. 'कोमट उत्तर'च्या आधी उपपदाचा इंग्रजी 'अ' राहून गेला होता. तिनं तो लाल शाईनं घातला, खाली 'छान' लिहिलं आणि चिठ्ठी परत केली.

त्यानं ती वाचली. मग तिच्याकडे पाहिलं... ती पाठ करून फळा पुसायला लागली होती.

"थँक्यू, बाई."

वाटेत तो तोंडानं विचारेल आणि मग आपण सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पण ती खाली उतरेपर्यंत तो निघून गेला होता. आपली छत्री तिच्यासाठी दाराशी ठेवून.

आठ दिवसांत ती तीनदा लाँड्रीसमोरून गेली. तिन्ही वेळा पलीकडच्या फुटपाथवरून. नवव्या दिवशी हिय्या करून आत शिरली, तेव्हा काउंटरवर मामा एकटेच होते.

"भाचा काल गेला हो. बरं झालं आलात, तुमची एक वस्तू आहे." त्यांनी ड्रॉवरमधून घडी घातलेली चिठ्ठी काढली. "कामाचा शर्ट धुवायला टाकून गेला, त्याच्या खिशात होती. लाल अक्षर तुमचं दिसलं, म्हणून ठेवली."

तिनं घडी उलगडली. तिचा 'अ' होता, तिचा 'छान' होता. आणि त्याखाली, वर्गाच्या नियमाप्रमाणे, त्यानं ते वाक्य पुन्हा नीट लिहून काढलं होतं. बाई राहा म्हणाल्या तर मी जाणार नाही, मला कोमट उत्तर देऊ नका. 'अ' अगदी जागच्या जागी होता.

मामा चष्मा सारखा करत वाकले. पोरानं शेवटपर्यंत अभ्यास केला म्हणायचा, असं कौतुकानं पुटपुटले, आणि त्यांनी विचारलं, "मला काही ते वाचता येत नाही. बरोबर लिहिलंय का त्यानं?"

तिनं चिठ्ठीची घडी पुन्हा घातली.

"त्याचं बरोबर आहे," ती म्हणाली. "माझं चुकलं."