तीन हाका

नेमसिंगाच्या हाताला आगीची सवय होती. वीस उन्हाळे त्यानं जंगलात रोजंदारीवर वणवे विझवण्यात काढले होते. पण खरं सांगतो, त्या दुपारी वणवा टेकडी उतरून तांड्याकडे वळला, तेव्हा त्याच्याही तोंडचं पाणी पळालं.

तांड्याच्या प्रमुखानं, नायक धावजीनं, माणसं, गुरं, सगळी रोडवर नेली होती. मागं उरली एकटी सुखीबाई, नेमसिंगाची बायको. तिचा पाय प्लास्टरमध्ये, आणि घर अगदी जंगलाला लागून. तिला न्यायला ट्रॅक्टर परत येणार होता, नेरहून बंबही निघाला होता. पण वाऱ्याला कुठं धीर!

"आग घरापर्यंत आली तं?" तिनं विचारलं.

"येऊ देतो काय मी!" असं म्हणून तो टेंभा घेऊन निघाला.

अशा वेळी उपाय एकच, उलटी आग. घर आणि जंगल यांच्या मधला सागाचा पाला झाडून मोकळा पट्टा काढायचा आणि पट्ट्याच्या पलीकडे आपणच आग लावायची. ती वणव्याच्या दिशेनं मधलं सगळं खात जाते. दोन्ही आगी भिडल्या की जळायला काही उरत नाही. पण ती लावण्याआधी जंगलाकडे तोंड करून तीन हाका द्यायच्या, ही तांड्याची रीत. कोणी मोहफुलं वेचायला, सरपणाला आत गेलेलं असतं. आतून ओ आली, तर माणूस बाहेर येईपर्यंत आग लावायची नाही.

नेमसिंगानं पट्टा झाडून घेतला आणि नायकाला फोन लावला.

"समदे रोडवर हायेत," धावजी म्हणाला. "दोनदा मोजले. तू लाव बिनधास्त."

तरी रीत ती रीत. "आग लावून राह्यलो... कोणी हाय काऽऽ?" पहिली हाक धुरात विरून गेली. दुसरीलाही नुसती तडतड आणि करपल्या पाल्याचा वास. त्यानं तिसरी हाक दिली, आणि समोरच्या धुरातून शांतपणे कोणीतरी म्हणालं,

"थांब... लेकरं निघू दे."

नेमसिंगाच्या अंगावर सर्रकन काटा आला. "कोण हाय? लवकर या ना बाप्पा!"

"थांब जरासा..."

आता सांगा, माणसानं काय करावं? थांबावं तर बायको जाते. त्यानं मागं वळून पाहिलं. घराच्या कौलांवर ठिणग्या पडत होत्या.

"भास होय लेका," तो मोठ्यानं स्वतःलाच म्हणाला. "समदे मोजले हायेत."

आणि त्यानं टेंभा पाल्याला लावला.

आग सुसाट गेली. किंकाळी ऐकू येईल म्हणून तो कान देऊन उभा राहिला. आली नाही. दोन्ही आगी भिडल्या, एकदा आभाळाएवढ्या भडकल्या आणि बसल्या. घर वाचलं. त्याला तिथंच रडू कोसळलं.

उरलीसुरली धग विझवून दिवस मावळता मावळता तो घरी आला; ट्रॅक्टर, बंब, कशाचाच अजून पत्ता नव्हता. सुखीबाई खाटेवर सुखरूप बसलेली. पण हंडे, कळशी, रांजण, सगळं कोरडं.

"पाणी कुठं गेलं?"

"पेले ना ते. तुमीच धाडले नं? पाच जण होते. लय तहानेले, बिचारे."

"कोण पाच जण?"

"जंगलातूनच आले. मले वाटलं, तुमच्यासंगचे. म्हणे, नेमसिंग थांबला असता, तं समदेच निघालो असतो."

नेमसिंगानं वळून उघड्या दाराकडे पाहिलं.

"अन् म्हणे... बाकीचे मांगून येऊन राह्यले. दार लावू नका."

तो धडपडत दाराशी गेला. कडीला हात लावला आणि चटका बसून झटकन मागं घेतला. लोखंड लालबुंद तापलं होतं.