गर्भप्रथिनाचा पहारा

मिरजेच्या यकृत प्रयोगशाळेत डॉ. हेमांगी पोंक्षे यांच्यासमोरच्या पडद्यावर एकच आकडा होता : चारशे दहा. त्यांच्या थोरल्या भावाच्या रक्तातलं गर्भप्रथिन. कालच्या दुप्पट.

"कॅन्सर?" त्यांनी विचारलं.

"बाई, लस तुम्ही शोधलीत आणि निदान मला विचारता?" शल्यविशारद डॉ. मुजावर म्हणाले.

लस तशी साधी होती. गर्भातलं यकृत वाढताना हे प्रथिन बनवतं. जन्मानंतर ते जवळजवळ थांबतं. पुढं कर्करोगाच्या पेशी वाढू लागल्या की पुन्हा बनू लागतं. बाईंची 'पहारा' लस यकृताच्या प्रत्येक पेशीत एक कळ बसवी : प्रथिन बनवायला घेतलं, की पेशीनं मरायचं. कळ काढायची सोय नव्हती. कर्करोग परत कोण मागणार? सहा वर्षांत यकृताचा कर्करोग राज्यातून गेला. बाईंचे इतके सत्कार झाले की शाली ठेवायला कपाट घ्यावं लागलं.

लस न घेतलेल्या मोजक्या माणसांत त्यांचे हरिदादा होते, भूमितीचे निवृत्त मास्तर. "हेमे, तुझ्या आमटीवर माझा विश्वास नाही, लशीवर कुठून ठेवू?" असं ते भर सत्कारात म्हणाले होते. पंधरा दिवसांपूर्वी त्यांना कावीळ झाली आणि यकृताचा बराचसा भाग निकामी झाला.

"माझं अर्धं यकृत त्याला द्या," बाई म्हणाल्या.

"अर्धं त्यांच्यात वाढायला हवं, उरलेलं तुमच्यात. तुम्ही लस घेतलेली; वाढताना तुमच्या पेशी हेच प्रथिन बनवणार आणि मरणार. एका शस्त्रक्रियेत भाऊ-बहीण दोघंही. वेळ वाचेल, एवढंच."

बाई आकड्याकडे बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "स्कॅनमध्ये गाठ आहे?"

"नाही."

"कावीळ?"

"किंचित उतरतेय."

"मुजावर, हा कॅन्सर नाही! दादाचं यकृत आपणहून पुन्हा वाढतंय. त्याला काही म्हणजे काही द्यायचं नाही. नुसतं पडू द्यायचं."

"हट्टी माणसाचं यकृतही हट्टी निघालं," मुजावर हसले. दोघं जवळजवळ धावतच वॉर्डात गेले.

हरिदादा उशीला टेकून बसले होते. बाही वर सारलेली, दंडावर कापूस.

"ये हेमे. सिस्टर म्हणाल्या, प्रथिन चारशेच्या वर आणि लस घेतलेली नाही, म्हणजे तासाभरात टोचायचीच, नियम आहे. नियमाखाली तुझी सही दाखवली त्यांनी."

"आणि तू हो म्हणालास?"

"अगं, सहा वर्षं चेष्टा केली तुझी. म्हटलं, एकदा तरी बहिणीचं ऐकावं." ते ओशाळून हसले. "आकडा उतरेल ना आता?"

मुजावरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"उतरेल," बाई म्हणाल्या. "दोन-चार दिवसांत अगदी खाली येईल."

"मग जिंकलीस की गं," दादा म्हणाले.