साडेनऊ सेंटीमीटरवरचं फूल

“छत्री खाली घे! अजून खाली! रूपेश, फूल हलतंय!”

“फूल वाऱ्यानं हलतंय, मी नाय! आणि माझ्या पायावर मुंग्या चढल्यात, त्याचं काय?”

संघरत्ना बांधावर पालथी पडली होती आणि तिच्या हनुवटीपासून वीतभर अंतरावर काकडीचं पिवळं फूल डुलत होतं. धाकटा भाऊ रूपेश वारा अडवायला छत्री धरून उभा होता. पलीकडे तिची मैत्रीण जानी, फुलावर कडक ऊन पडू नये म्हणून, पांढरा रुमाल ताणून धरत होती.

वारा थांबला. ‘खट्!’

“एक झाला,” संघरत्ना म्हणाली. “आता अर्धा सेंटीमीटर मागे.”

“एकाच फुलाचे तीन फोटो?” रूपेश ओरडला. “रोल काय झाडाला लागतो का?”

“मागचा रोल विसरलास?”

मागचा रोल कसा विसरणार! त्यांच्या आतेभावाने, मुकेशदादाने, दिवाळीची सुट्टी लागताच आपला साधा रोलचा कॅमेरा तिच्या हातात दिला होता. तिने फुलांचे बारा फोटो काढले आणि बाराही फोटोंत पिवळे ढग आले! शहापूरच्या स्टुडिओवाल्याने विचारलं होतं, “ताई, हळद सांडली होती का?”

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. आपल्याला स्पष्ट दिसतं, मग कॅमेऱ्याला का दिसत नाही? दादा म्हणाला होता, हा कॅमेरा चार पावलांच्या अलीकडचं नीट पाहूच शकत नाही. मग तिने बक्षिसात मिळालेलं भिंग उन्हात धरलं. कागदावर सूर्याचा ठिपका सगळ्यांत बारीक झाला, तेव्हा पट्टीने अंतर मोजलं. बरोबर दहा सेंटीमीटर! म्हणजे हे भिंग कॅमेऱ्याच्या डोळ्यापुढे लावलं, तर दहाच्या आसपासचं फूल स्पष्ट दिसायला हवं. पण आसपास म्हणजे किती? म्हणून एकेका फुलाचे तीन फोटो: नऊवर, साडेनऊवर आणि दहावर. प्रत्येक फोटोचा क्रमांक वहीत.

दुसरी अडचण जानीने सोडवली. कॅमेऱ्याची बघायची खिडकी वर आणि डोळा खाली, त्यामुळे इतक्या जवळून खिडकीत एक दिसे आणि फोटोत दुसरंच येई. जानीने बांबूच्या काड्यांची चौकट बांधली आणि दोन लांब काड्यांनी ती कॅमेऱ्यापुढे बसवली. काड्यांवर तीन खाचा पाडल्या. “खिडकीत बघूच नको गो. फूल चौकटीत आलं, की दाब!”

हे सगळं गंमत म्हणून चाललं नव्हतं. जानीच्या बाबांच्या, सावळ्याच्या, दोन मधपेट्या या शेताच्या कडेला जांभळाखाली होत्या. दरवर्षी दिवाळी संपली की तिच्या वाडीतली घरं वीटभट्टीवर कामाला जात आणि जानीची शाळा सुटे. यंदा मधामुळे सावळ्या थांबणार होता. पण शेताचे मालक बाळारामकाका चिडले होते. त्यांच्या काकडीची फुलं गळत होती, काकडी धरतच नव्हती.

“तुज्या माश्या फुलांचा रस पितात, म्हनून फुलं गळतात!” ते सावळ्याला म्हणाले होते. “रईवारपर्यंत पेट्या हलव, नाय तर मी धूर करतो!”

हलवणार कुठे? दुसऱ्या कोणीही जागा दिली नव्हती. आणि आज बुधवार होता.

“माशी फुलात काय करते, ते आपण काकांना फोटोत दाखवू,” संघरत्नाने ठरवलं होतं. “ती एका फुलाचे परागकण दुसऱ्या फुलाला नेते, म्हणून तर काकडी धरते!”

“पण माशीच नाय आली एक पण,” जानी हळूच म्हणाली. “पेटीपुढं रोज मेलेल्या पडतात. बाबा झाडून झाडून कंटाळला.”

गुरुवारी रोल शहापूरला गेला. शुक्रवारी संध्याकाळी मुकेशदादा पाकीट घेऊन आला आणि तिघांनी ओट्यावरच ते फोडलं.

नऊवरचे फोटो पुसट. दहावरचेही पुसटच. आणि साडेनऊवरचे...

“आयला!” रूपेश म्हणाला.

फूल समोर उमललं होतं! पाकळीवरच्या शिरा, देठावरची लव, दवाचा थेंब, सगळं लख्ख! संघरत्नाला उडी मारावीशी वाटली. पण तिने मारली नाही. कॅमेऱ्यावरून काढलेलं भिंग फोटोवर धरून ती बघतच राहिली.

“जानी, परागकण कोणत्या रंगाचे असतात?”

“पिवळे. हाताला लागतात ना!”

“मग हे पांढरे कण कसले?”

पाकळ्यांवर पिठाची चिमूट टाकल्यासारखे पांढरे कण होते. दुसऱ्या फुलातही होते आणि तिसऱ्यातही. चौथ्या फुलाच्या तळाशी पाय आखडून एक मधमाशी पडली होती. मेलेली! तीसुद्धा पांढऱ्या कणांनी माखलेली. फोटो काढताना वारा आणि खाचा सांभाळण्याच्या नादात ती कोणाला दिसलीच नव्हती.

“आणि हा बघा दोरा,” रूपेशने बोट ठेवलं. देठाच्या लवेत एक हिरवा धागा अडकला होता. “वेलाला कापूस लागतो का, ताई?”

“कोणीतरी इथे येतंय,” संघरत्ना म्हणाली. “आपण आठला जातो. ते आपल्याआधी येत असणार. उद्या उजाडताच जाऊ!”

शनिवारी तांबडं फुटलं तेव्हा तिघं जांभळाच्या बुंध्याआड दबून बसली होती. पानापानांवर दव होतं. फुलं नुकती डोळे उघडत होती.

पायवाटेवर चपला वाजल्या. बाळारामकाका! त्यांच्या एका हातात काठी होती आणि दुसऱ्या हातात हिरव्या कापडाची पुरचुंडी. त्यांनी ती वेलावर धरली आणि काठीने टपटप बडवली. पांढरा धुरळा उडून ओल्या पानाफुलांवर बसला.

“नाक झाका!” संघरत्ना कुजबुजली.

रूपेशने झाकलं, पण उशिरा.

“आऽऽक् छी!”

“कोन रं तिकडं? पोरांनो, सकाळी सकाळी काय चाललंय?”

आता लपण्यात अर्थ नव्हता. संघरत्ना पुढे झाली. तिने फोटो घट्ट धरले होते. “काका, ही पावडर रोज मारता?”

“एक दिसाआड. कीड पडते ना! आणि सकाळीच मारायची. दवात पावडर चिकटते, दुपारी वाऱ्यानं उडून जाते. आमची जुनी रीत हाय ती.”

“पण काका, फुलं याच वेळेला उघडतात. माश्या याच वेळेला येतात! हे बघा.”

काकांनी फोटो हातात घेतला. मग भिंग घेतलं. फोटोवर ते पुढे-मागे धरून पाहिलं.

“ही तर मेलीय,” अखेर ते म्हणाले. “पन पावडर किडीची हाय गो. माशी काय कीड हाय?”

“पावडरीला वाचता येतं का, कोण कीड आणि कोण माशी ते?” जानी एकदम बोलली आणि स्वतःच दचकली.

“माश्या मेल्या, म्हणून पराग कोणी नेत नाही,” संघरत्ना म्हणाली. “म्हणून फुलं तशीच गळतात. पाकिटावर काय लिहिलंय, ते वाचलंत?”

विहिरीजवळच्या खोपटातून पाकीट आलं. पाठीमागे मुंगीएवढी अक्षरं होती. संघरत्नाने त्याच भिंगातून वाचलं, “‘पीक फुलोऱ्यात असताना वापरू नये. मधमाश्यांना घातक.’”

काकांनी पुरचुंडी बांधावर ठेवली. इतक्यात त्यांची बायको, गोजाकाकू, चहाची किटली घेऊन आल्या. त्यांनी पोरांकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि मग त्यांची नजर पुरचुंडीवर खिळली.

“माजं हिरवं लुगडं! उंदरांनी खाल्लं म्हनलात ना तुमी?”

रूपेश इतका हसला, की त्याला दुसरी शिंक आली.

त्याच दिवशी काका स्वतः वाडीवर गेले. ओट्यावर न बसता अंगणातच उभं राहून म्हणाले, “सावळ्या, चूक माजी. पेट्या हितंच ऱ्हाऊ दे. तुज्या माश्यांनी नाय, मीच माजं पीक घालवलं.” मग भोवती जमलेल्यांकडे वळून म्हणाले, “तीस वर्सं शेती केली, पन फुलात वाकून बघितलं नाय. ते या पोरांनी बघितलं!”

पावडर बंद झाली. दिवस जात राहिले, आणि पेटीपुढची मेलेल्या माश्यांची रास कमी झाली. एका सकाळी जानी धापा टाकत आली. “चला! बोटाएवढ्या काकड्या धरल्यात!”

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी वीटभट्टीचा ट्रक वाडीतून गेला. जानी त्यात नव्हती. ती वेलांजवळ छत्री धरून बसली होती आणि चौकटीत, पिवळ्या फुलावर, पायांना पिवळे गोळे लावलेली एक जिवंत माशी बसली होती. ‘खट्!’

“रोलात किती फोटो उरले?” मागून बाळारामकाकांनी विचारलं. त्यांच्या हातात तिघांसाठी तीन कोवळ्या काकड्या होत्या.

“शेवटचा एक, काका.”

“मग माजा काढ की! त्या चौकटीतून.”

“काका, त्यात तुमचं नाकच मावेल फक्त!”

“नाकाचाच काढ,” काका गुडघे टेकत म्हणाले. “त्याच्यासमोर माश्या मरत व्हत्या, तरी त्याच्या मालकाला दिसलं नाय!”

संघरत्नाने साडेनऊची खाच लावली.

“हलू नका, काका!”