ताटं कमी होती

कारणशोधक यंत्रानं सलग सहाव्या वर्षी तोच निकाल दिला. शहरात बेघर माणसं एक हजार नऊशे सहा, आणि त्यांची कारणंही एक हजार नऊशे सहा. म्हणजे ज्याचं त्याचं वैयक्तिक दुर्दैव. सामाजिक समस्या शून्य!

मृदुला खानोलकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यंत्राला प्रश्न घालून देणं हे तिचं काम. आता सोमवारी सकाळी नऊला स्वयंचलित उचलगाड्या पुलाखालच्या सगळ्यांना शहराबाहेर नेऊन सोडणार होत्या.

"नियम साधा आहे," संचालक हर्डीकर म्हणाले. "अर्ध्याहून जास्त जणांचं कारण एकच निघालं, तर ती सामाजिक समस्या. मग यंत्र ते कारण हटवतं. कारणं वेगवेगळी निघाली, तर माणसं हटवतं. आपल्याकडे बेघर माणसं आहेत, बेघरपणा नाही."

"वा! दोन हजार जणांना ताप, पण साथ नाही!"

ती तडक पुलाखाली गेली. तिथल्या द्वारकाबाईंना तिनं यंत्राचाच प्रश्न विचारला, "घर का सुटलं?"

"पुन्हा तेच? नवरा गेला, दिरानं हाकललं. या भिकाजीचा पाय मोडला, काम सुटलं. सगळं खरंच आहे गं. पण मी तीस वर्षं लग्नांत वाढप केलंय. माणसं शंभर आणि ताटं नव्वद मांडली, तर दहा जण उभे राहणारच. मग एकेकाला विचार, बाबा, तू का मागं राहिलास? कोणी म्हणेल गुडघा धरला, कोणी म्हणेल चप्पल सापडेना. अगं, पण ताटं कमी का पडली, ते कधी विचारणार?"

मृदुलाला स्वतःचीच लाज वाटली. तो प्रश्न सहा वर्षांपूर्वी तिनंच लिहिला होता.

प्रयोगशाळेत परतून तिनं तो खोडला आणि नवा घातला: 'दुसरं घर का मिळालं नाही?'

"असा प्रश्न बदलता येत नाही!" हर्डीकर कडाडले.

"चुकीचा विचारत होते तेव्हा नाही अडवलंत ते! काढा मला नोकरीवरून, पण आधी उत्तर ऐका."

यंत्रानं एकेका माणसाची कमाई शहरातल्या एकेका घराशी ताडून पाहिली. परवडणारं एकही घर मोकळं नव्हतं, आणि मोकळी होती ती अकरा हजार घरं कुलूपबंद होती. उत्तर उमटलं: 'माणसं एक हजार नऊशे सहा. कारण एक: रिकाम्या घरांची कुलपं. सामाजिक समस्या: बेघरपणा.'

हर्डीकरांनी घाम पुसला. "ठीक आहे. समिती नेमू."

"नेमा की. उचलगाड्या समितीसाठी थांबत नाहीत."

सोमवारी नऊला सगळे आपापल्या गाठोड्यांवर ठाण मांडून बसले होते. मृदुलाही त्यांच्यातच होती. गाड्या आल्या आणि पुलाखाली न वळता सरळ मणिशिखर संकुलाकडे गेल्या. सात वर्षं तिथल्या एकाही खिडकीत दिवा लागला नव्हता.

तेवढ्यात हर्डीकरांचा फोन आला. "अहो, थांबवा! माझ्या घराचं कुलूप तोडतायत!"

"पण तुम्ही तर घरातूनच बोलताय ना?"

हर्डीकरांचा आवाज खाली आला, "ते... माझं तिसरं घर."

द्वारकाबाईंनी पदर खोचला आणि गाठोडं काखेला मारलं.

"ताटं निघाली बघा. उठा रे, पंगत बसतेय!"