दुसऱ्याचं हाड

मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी धुलाईखान्याची पांढरी व्हॅन मागच्या गल्लीच्या वळणावरच्या दगडी खांबावर आदळली. शेजारच्या शिंप्याचा उजवा गुडघा फुटला. गल्लीत तिसरे कोणी नव्हते.

धुलाईवाल्याने त्याच दिवशी विमा कंपनीला लिहून दिले: गाडी मी चालवत होतो, शिंपी खांबाजवळून पायी जात होता, चूक सर्वस्वी माझी.

इतक्या तत्परतेने चूक सहसा कोणी पदरात घेत नाही. कंपनीला वास आला आणि गुरुवारी सकाळी कागद तपासनीस बाईंच्या टेबलावर येऊन पडले.

बाई खासगी तपास करत. त्यांच्या अहवालात विशेषणे नसत आणि खोलीत जादा खुर्ची नसे. त्यांचा मदतनीस नाना आधी अठरा वर्षे दारोदार विमा विकत होता. नियम त्याला तोंडपाठ होते, पण नियमापलीकडे बघायची त्याच्या नजरेला सवय नव्हती.

"दोघं वीस वर्षांचे दोस्त," फोनवर कंपनीचे साहेब सांगत होते. "संगनमत आहे, बाई. पाय कुठं जिन्यात मोडला असेल आणि गाडी नंतर नेऊन ठोकली असेल."

"बघते," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

नाना कागद चाळत होता. शेवटच्या पानावर 'विक्रेत्याची सही' अशी ओळ होती. सही त्याचीच होती, तीन वर्षांपूर्वीची. नानाने ते पान अलगद गठ्ठ्याच्या तळाशी सरकवले.

"नाना, थर्ड पार्टी म्हणजे काय? मला अडाणी समजून सांगा."

"पहिला विमा घेणारा, दुसरी कंपनी, तिसरा रस्त्यावरचा माणूस. आपल्या गाडीनं त्या तिसऱ्याला इजा झाली, तर त्याचं औषधपाणी, बुडालेला रोजगार, तो कोर्टात गेला तर आपला वकील, हे सगळं कंपनी बघते. ठरलेल्या मर्यादेपर्यंत."

"आणि चालवणाऱ्याला लागलं तर?"

"यातून त्याला काही नाही. मालकाच्या परवानगीनं दुसरा कोणी चालवत असेल, तरी तो आपल्याच बाजूचा धरतात. चालवणाऱ्यासाठी वेगळं कलम असतं, जादा हप्त्याचं."

"यांनी ते घेतलंय?"

"नाही," नाना म्हणाला. या वेळी त्याने गठ्ठ्याकडे पाहिलेही नव्हते.

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे एकदा पाहिले आणि पर्स उचलली.

व्हॅन धुलाईखान्याच्या मागच्या आवारात उभी होती. पुढचा पत्रा उजव्या अंगाला आत गेला होता आणि स्टिअरिंगखालचा भाग चेपला होता. बाई आधी उजवीकडे चालकाच्या जागी बसल्या, पट्टा लावला, सोडला. मग डावीकडे जाऊन बसल्या आणि तोही पट्टा लावून पाहिला. नानाला वाटले, बाईंना आज फिरायला जायचा मूड आहे.

ब्रेकच्या पायपट्टीखाली नानाला एक टाचणी सापडली. निळ्या मण्याची.

"कपड्यांची गाडी," तो म्हणाला. "टाचण्या असायच्याच."

बाईंनी टाचणी पाकिटात टाकली. "बंपर बघितलात?"

"बघितला. खांबाचा चुरा लागलाय."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"तेच म्हणते," बाई म्हणाल्या.

धुलाईखान्याच्या दारात त्या काही न बोलता उभ्या राहिल्या. आत वाफेचा आणि साबणाचा वास कोंदला होता. धुलाईवाला काउंटरमागे स्टुलावर बसला होता. उंच माणूस, डावा हात छातीशी दुमडलेला.

"या साहेब! आज कपडे दिसत नाहीत?"

"साहेब नाही, बाई आहे."

"माफ करा हं," तो ओशाळून हसला. "दारातला उजेड तोंडावर येतो."

"आम्ही विम्याच्या कामासाठी आलोय," नाना म्हणाला.

धुलाईवाल्याने मान तिरकी केली. "तुमचा आवाज कुठंतरी ऐकल्यासारखा वाटतो."

नाना चष्मा सावरू लागला. हात दोन हात अंतरावरून धुलाईवाला त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला आणि मग मान हलवून म्हणाला, "नाही, भास झाला असेल." नानाचा जीव भांड्यात पडला. तीन वर्षांत त्याच्या रूपात फरक म्हणावा, तर चष्म्याची काडी तेवढी बदलली होती. पण चोराला चांदणे मावळल्याशी मतलब, ते का मावळले हे तो कशाला विचारतो!

"अपघात कसा झाला?" बाईंनी विचारले.

"लिहून दिलंय की. हॉटेलच्या चादरी घेऊन निघालो होतो. तो फिरायला निघाला होता. कुत्रं आडवं आलं, मी वळवली, तो मध्ये सापडला."

"कुत्र्याचा रंग?"

"रंग?" तो अडखळला. "कुत्र्याचा कसला रंग बघताय, बाई. त्याला पैसे मिळतील ना? विमा देणाऱ्यानं मला तेव्हाच फोड करून सांगितलं होतं. 'तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं हाड मोडलं तर कंपनी, तुमचं मोडलं तर तुमचं नशीब.' "

नाना खाली बघू लागला. हे वाक्य त्याने अठरा वर्षांत हजार उंबऱ्यांवर टाकले होते. लोक हसत आणि सही करत.

आतल्या लांब टेबलावर धुलाईवाल्याची बायको चादरींच्या कोपऱ्यांवर पक्क्या शाईने आकडे घालत होती.

"वहिनी, खुणेला टाचणी का नाही लावत? लवकर होईल," बाई म्हणाल्या.

"टाचणी? या उंबऱ्याच्या आत टाचणी दिसली तर मी माणसाला बाहेर काढते. ओल्या कपड्यात राहिली की गंज उतरतो, आणि गंजाचा डाग मेल्यावरच सुटतो. गाडीतसुद्धा चालत नाही मला."

"डाग तुम्हीच बघता?"

"पूर्वी हे बघायचे. चादर उजेडाला धरली की मोहरीएवढा डाग सांगायचे. चार महिने झाले, तूच बघ म्हणतात. स्टुलावर बसून राज्य करतात." तिने आवाज चढवला. "ऐकलंत का हो? पन्नाशी आली की पुरुषाला आळस येत नाही, नुसता बाहेर पडतो!"

काउंटरमागे स्टूल तेवढे करकरले.

"सकाळी गाडी कोण नेतं?"

"हेच. मी त्या वेळेला बॉयलरपाशी अडकलेली असते. आवाज ऐकून धावले, तर हे शिंपीभावजींना मांडीवर घेऊन रस्त्यात बसलेले. दोघंही रडत होते."

इस्पितळात सिस्टरने दारातच सांगितले, "गुडघ्याची वाटी तीन ठिकाणी फुटलीय. सोमवारी ऑपरेशन आहे. कंपनीची हमी आली तर. नाहीतर नुसतं प्लास्टर, आणि पाय जन्मभर वाकायचा नाही."

"आणखी कुठं लागलंय?"

"छातीवर वळ आहे. उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत. पट्टी ठेवून आखल्यासारखा."

"खांबाला घासला असेल," नाना म्हणाला.

"शर्टाचं एक बटणही तुटलेलं नव्हतं हो," सिस्टर म्हणाली.

शिंपी बुटका, हसऱ्या तोंडाचा होता. "या बाई. तुम्ही माझं माप घ्यायला आलात वाटतं. घ्या, पण कापड जपून कापा."

"तुम्ही पायी होता?"

"पायीच. रोज फिरतो."

"गाडी चालवता येते?"

"लायसन आहे. गाडी नाही. शिंप्याची गाडी म्हणजे शिलाई मशीन. उजव्या पायानं पायडल मारायचं, घर चालवायचं." तो चादरीखालच्या पायाकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "धुलाईवाल्याला काही होणार नाही ना?"

पुढच्या दहा मिनिटांत त्याने हे आणखी दोनदा विचारले. आपला पाय बरा होईल का, हे एकदाही विचारले नाही.

संध्याकाळी पाच वाजता, भेटीच्या वेळी, बाईंनी धुलाईवाल्याला आणि त्याच्या बायकोला त्याच खाटेपाशी बोलावून घेतले. सिस्टरने पडदा ओढला.

"कंपनीला वाटतं, अपघात झालाच नाही," बाई म्हणाल्या. "झाला. तुम्ही सांगता तसा मात्र झाला नाही. गाडी शिंपी चालवत होते."

"काहीतरीच," शिंपी म्हणाला.

"पायी माणूस गाडी आणि खांब यांच्यात चिरडला, तर बंपरवर कापडाचा धागा तरी राहतो. बंपरवर दगडाचा चुरा आहे, दुसरं काही नाही. ब्रेकखाली मण्याची टाचणी मिळाली. नाना म्हणाले, कपड्यांची गाडी आहे. पण वहिनींच्या राज्यात टाचणीला बंदी. टाचण्या अंगावर घेऊन हिंडतो तो शिंपी."

"कधीतरी पडली असेल," धुलाईवाला म्हणाला. "तो बसतो माझ्या शेजारी."

"म्हणून मी दोन्ही जागांवर बसून पट्टे लावून पाहिले. उजवीकडच्या माणसाचा पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला जातो. यांच्या अंगावर नेमका तसाच वळ आहे. रस्त्यानं चालणाऱ्या माणसाला सीटबेल्टचा वळ उठत नाही. आणि डावीकडचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो. मालक, डावा हात जरा वर करा."

धुलाईवाल्याने हात निम्मा उचलला आणि दात आवळून खाली घेतला.

"तरी एक प्रश्न राहिला. स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या धंद्याच्या वेळेला, हा माणूस डावीकडे का बसतो? दारात मला हे 'साहेब' म्हणाले. आडवं आलेलं कुत्रं कसलं होतं ते माहीत नाही. मोहरीएवढा डाग ओळखणारा माणूस चार महिने चादर हातात घेत नाही." बाई क्षणभर थांबल्या. "त्यांना दिसत नाही, वहिनी. अगदीच नाही असं नाही. चेहरा ओळखण्याइतकं नाही."

बायको नवऱ्याकडे बघत राहिली. "हो का हो?"

तो कडेला तोंड करून म्हणाला, "हॉटेलवाल्यांना कळलं असतं तर काम गेलं असतं. आणि तुला कळलं असतं तर... आंधळ्याची काळजी करण्यापेक्षा आळश्याला शिव्या देणं सोपं असतं गं."

"मी चार महिने माणसांदेखत तुम्हाला आळशी म्हणतेय," ती म्हणाली आणि पदराने तोंड झाकून भिंतीकडे वळली.

"मीच म्हटलं, मी चालवतो," शिंपी म्हणाला. "पहाटे दोन तासांचा प्रश्न. पायाचा चेंदा झाला तेव्हा यालाच ते विम्याचं वाक्य आठवलं. मला म्हणाला, तू दुसरा हो. नुसतं उतरून खांबापाशी पडायचं. पडायचं कसलं, यानंच ओढून ठेवलं मला."

नानाला वाटले, आता आपण निघावे. तो पडद्याकडे सरकला.

"थांबा, नाना," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "डोळ्यांचा सगळ्यात पक्का पुरावा तुम्ही आहात. यांनी तुमचा आवाज ओळखला आणि तोंड ओळखलं नाही. तुम्हीही कागद न बघता पॉलिसीत काय नाही ते सांगितलंत. तळाचं पान मी दुपारी वाचलं. तुम्ही स्वतः सांगाल, म्हणून वाट बघत होते."

पडद्याआड कुणीतरी खोकत होते. नानाने पडद्याची कड सोडली.

"पॉलिसी मी विकली," तो म्हणाला. "ते वाक्यही माझंच."

"पानावर तुमच्या अक्षरात लिहिलंय: 'चालवणाऱ्याच्या दुखापतीचे कलम समजावले. ग्राहकास नको.' समजावलं होतंत?"

"नाही." नानाने घसा साफ केला. "महिन्याचा शेवटचा दिवस होता. एक पॉलिसी कमी पडत होती. हप्ता वाढतोय म्हटलं की माणूस म्हणतो, उद्या बघू. म्हणून विचारलंच नाही. नको, असं मीच लिहिलं. आम्ही सगळेच तसं करायचो."

"ते कलम असतं तर?" सिस्टरने विचारले.

"मालकाच्या परवानगीनं चालवणारा कोणीही त्यात बसतो," नाना म्हणाला. "शिंपीसुद्धा."

मग धुलाईवाला आवाजाच्या रोखाने नानाकडे वळला. "मी घेतलं असतं की नाही, मला माहीत नाही हो. चिकट माणूस आहे मी. कदाचित नकोच म्हटलं असतं. पण ते नको माझं असतं."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर नानाला बरे वाटले असते.

"मी खरं तेच लिहिणार," बाई म्हणाल्या. "तुमची खोटी जबानी त्यात येईल. उद्या सकाळीच अर्ज मागे घ्या. पोलिसांत द्यायचं की नाही, ते कंपनी ठरवेल. कंपनीच्याच माणसानं विचारल्याशिवाय 'नको' लिहिलं असेल, तर ते कलम लागू धरायचं की नाही, हेही कंपनीच ठरवेल. पण त्यासाठी तसं लिहून देणारा माणूस लागतो."

"आणि दिलं तर?" नानाने विचारले.

"या धंद्यात तुम्हाला पुन्हा कोणी उभं करणार नाही. माझ्याकडेही ठेवायचं की नाही, मला विचार करावा लागेल."

"सोडा हो बाई," शिंपी म्हणाला. "एक पाय गेला, आणखी एकाचं पोट कशाला?"

ते ऐकून नाना स्टुलावर बसला आणि त्याने सिस्टरकडे कागद मागितला. पहिल्या दोन ओळी त्याने खोडल्या, कारण त्यांत 'घाईमुळे' असा शब्द आला होता. तिसऱ्या वेळी त्याने सरळ लिहिले: मी विचारले नाही.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी कंपनीच्या खिडकीवर तीन कागद दाखल झाले: धुलाईवाल्याने अर्ज मागे घेतल्याचे पत्र, बाईंचा अहवाल आणि नानाचा जबाब. साहेबांनी जबाब दोनदा वाचला. "असल्या पॉलिसी किती विकल्यात तुम्ही?" त्यांनी नानाला विचारले. नानाला आकडा सांगता आला नाही. साहेब कागद घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लागले.

संध्याकाळी सहापर्यंत कंपनीकडून काहीही कळलेले नव्हते. सोमवारच्या शस्त्रक्रियांच्या यादीत शिंप्याचे नाव पहिले आहे. सिस्टरने ते अजून खोडलेले नाही.