रावसाहेबांची गवसणी

"टर्किश नका घेऊ... नख अडकेल त्याचं!"

मेघना बोलून गेली आणि मग तिने जीभ चावली. नौपाड्यातल्या त्या कापडाच्या दुकानात ती कटपीस चाळायला आली होती. शेजारचा उंच, सावळा तरुण दुकानदाराला समजावत होता, की पक्ष्याच्या पिंजऱ्यातली दांडी गुंडाळायची आहे, टॉवेलचं जाड कापड द्या. न विचारता सल्ला देणाऱ्यांचा मेघनाला भारी राग. पण पक्ष्यांचा विषय निघाला की तिचा स्वतःच्या तोंडावर ताबा राहत नसे.

"मग काय घेऊ?" त्याने विचारलं. चिडून नाही हं... वर्गातल्या शहाण्या मुलासारखं.

"फ्लीस. हात लावून बघा. याला फासे नसतात, कापलं तरी धागे सुटत नाहीत. आणि शिवायचं घट्ट. सैल राहिलं तर दांडीवर फिरतं, पक्षी घसरतो. पायाला काय झालंय?"

"तळव्याला घट्टे पडलेत. प्लास्टिकच्या गुळगुळीत दांडीवर बसून बसून. डॉक्टर म्हणाले, मऊ काहीतरी लावा. रावसाहेबांना तर उभंसुद्धा राहवत नाही."

"रावसाहेब?"

"कॉकटिएल जातीचा पोपट आहे आमचा. पिवळा तुरा, गालांवर केशरी टिकल्या आणि रुबाब असा, की घर त्याच्याच नावावर आहे."

मेघना हसली आणि तिथेच सगळा घोळ झाला.

कोपरीत तिच्या वडिलांचं, बाबुरावांचं, पक्ष्यांच्या सामानाचं लहानसं दुकान होतं. मागच्या खोलीत मशीन टाकून ती पिंजऱ्यांची झाकणं आणि दांड्यांच्या गवसण्या, म्हणजे कापडी खोळी, शिवायची. तिने पर्समधून टेप काढली. "जाडी किती दांडीची?"

"माप नाही घेतलं... माझ्या अंगठ्याएवढी असेल."

मग अंगठ्याचंच माप घ्यावं लागलं. तिने टेप गुंडाळली. पण आकडा काय आला ते तिला धड वाचता येईना, म्हणून तिने पुन्हा मोजलं.  तो अंगठा अगदी स्थिर धरून उभा राहिला.

त्याचं नाव सम्यक. डोंबिवलीच्या मानपाड्याला राहायचा, तिथल्याच एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत लॅबमध्ये होता. पहिल्या दोन गवसण्या घेऊन गेला आणि पुढच्याच रविवारी दुकानाच्या दारात हजर.

"धुतल्या मी. चांगल्या वासाच्या लिक्विडने. रावसाहेब दिवसभर शिंकतायत."

"अहो, वासाचं काही चालत नाही त्यांना! फुफ्फुसं किती नाजूक असतात..." मेघनाने कपाळावर हात मारला. "राहू दे. तुम्हाला नाही जमायचं. रविवारी मळकी आणून द्या, धुतलेली घेऊन जा."

झालं! तेव्हापासून तसा रिवाजच पडला. एक गवसणी दांडीवर, एक मेघनाकडे. ती बिनवासाच्या साबणाने धुवायची, तीन पाण्यांतून काढायची, शिवण उसवली आहे का बघायची. रविवारी अकराला तो शिळफाट्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालत यायचा. वीतभर कापडासाठी माणूस बाइकवर दीड तास घालवतो, यात बाबुरावांना काय दिसायचं कोण जाणे. पण अकरा वाजले की त्यांना हटकून कोपऱ्यावरच्या चहाची तलफ यायची.

एका रविवारी तो चिंब भिजून आला. केसांतून पाणी गळत होतं, शर्ट अंगाला चिकटलेला. त्याने आतून प्लास्टिकची पिशवी काढून पुढे केली. गवसणी मात्र कोरडी ठणठणीत... आणि त्याच्या छातीच्या उबेने कोमट झालेली.

"मळकीच तर होती. भिजली असती तर काय बिघडलं असतं?"

"तुमच्या हातची आहे ना... भिजवायला जीव होईना."

तो गेल्यावर मेघना ती गवसणी हातात धरून किती तरी वेळ बसून राहिली. ऊब केव्हाच निघून गेली होती. सोमवार ते शनिवार हे सहा दिवस कोणी नि कशाला केले असतील, असं तिला वाटू लागलं.

तिने चार वेळा सांगितल्यावर अखेर त्याने रावसाहेबांना दाखवायला आणलं. मेघनाने पक्ष्याला हलकेच उताणं धरलं. तळवा गुलाबी, मऊ. घट्ट्यांचा मागमूस नाही. नखं मात्र वाढून वळायला लागली होती. मऊ दांडीवर ती झिजणार कशी? आता गवसणी काढायला हवी होती, खडबडीत फांदी लावायला हवी होती. हे तिला एका नजरेत कळलं.

आणि लगेच दुसरंही कळलं. गवसणी गेली की रविवार गेला.

"कसा आहे?" सम्यकने विचारलं. 

"बरा आहे... पण अजून थोडे दिवस राहू दे कव्हर."

"हो ना? मलाही तसंच वाटलं," तो भरभर म्हणाला.

पुढच्या रविवारी तिने सांगायचं ठरवलं. सांगितलं नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. पुढचा रविवार उजाडायच्या आत, शनिवारी दुपारी, त्याचा फोन आला. रावसाहेबांचं वाढलेलं नख शिवणीत अडकलं होतं. ते उलटे लटकले, फडफडले, नख मुळापासून तुटलं. रक्त थांबायला अर्धा तास लागला.

रविवारी तो आला तेव्हा मेघनाचे डोळे सुजलेले होते.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "तीन आठवडे झाले, मला माहीत होतं कव्हर काढायला हवं. पाय बरा झाला होता."

"मग... सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता."

सम्यकचा चेहरा पांढराफटक पडला.  हेल्मेट उचलून तो पायऱ्या उतरून गेला.

नंतरचा रविवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. फोन नाही, मेसेज नाही. अकरा वाजले की मेघनाची मान रस्त्याकडे वळायची, आणि बाबुराव चहाला न जाता उगाच राळ्याची पोती सारखी करत बसायचे. राहिलेली गवसणी तिने पुन्हा धुतली. स्वच्छच होती, तरी धुतली. त्याने रागवावं, भांडावं, पण एकदा दिसावं... एवढंच तिला हवं होतं. मुक्या जिवाला दुखवून वर आपण ही असली आस धरतो, याची तिला लाजही वाटत होती.

आठवडाभर आधीच तिने शेजारच्या पेरूची एक फांदी मागून आणलेली होती. घासून, उन्हात वाळवून ठेवलेली. तो नाही आला तर नाही, पक्ष्याचं तरी नीट व्हावं, असं स्वतःला बजावत तिसऱ्या रविवारी ती डोंबिवलीला पोचली आणि दुकानाच्या वहीतला त्याचा पत्ता सांगून मानपाड्याची रिक्षा पकडली.

दार त्याच्या आईने, कांताबाईंनी उघडलं. फांदी बघूनच त्यांनी ओळखलं.

"कोपरीची मेघना ना गं तू? जय भीम, ये आत. रावसाहेब मजेत आहेत. आमचंच ध्यान बिघडलंय, तीन आठवडे धड जेवत नाही."

"जय भीम, काकू. माझ्यामुळेच त्याचं नख..."

"तुझ्यामुळे कशाला? डॉक्टरनी याला कधीच सांगितलेलं, कव्हर काढून टाक म्हणून! मी रोज ओरडायचे. ऐकेल तर शपथ! म्हणे, आई, अजून एक रविवार."

आतल्या दारात सम्यक उभा होता. पळायला जागा नव्हती.

कांताबाई एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघून चहा टाकायला गेल्या.

"तुम्हाला माहीत होतं?" मेघनाने विचारलं.

"हो."

"मी तिथे रडून रडून सगळा दोष अंगावर घेतला... आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"म्हणून तर आलो नाही." तो जमिनीकडे बघत होता. "तुम्ही एवढं खरं बोललात, आणि मी भेकडासारखा निघून आलो. नंतर कुठल्या तोंडाने येणार होतो? दर रविवारी गाडी काढायचो, शिळफाट्यापर्यंत जायचो... परत यायचो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी हसूही फुटायला लागलं.

"मी तीन आठवडे लपवलं," ती म्हणाली. "तू किती?"

सम्यकने मान वर केली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"पाच," तो म्हणाला.