लाल दोऱ्याची रताळी

महाशिवरात्रीच्या संध्याकाळी बेल वाजली तेव्हा चैत्रालीच्या तोंडात शेवटचा घास होता. तोंड पुसत तिनं दार उघडलं, तर समोर भुवन. घरमालकीणबाईंचा मुलगा. केसांवर हेल्मेटचा वळ, कपाळावर घाम आणि हातात कापडी पिशवी.

"उशीर झाला, सॉरी हां," तो धापा टाकत म्हणाला. "मार्केटात सकाळीच गेणसु संपलेले. मग नंजनगूड रस्त्यावर एक अज्जी विकत बसलेली, तिच्याकडं मिळाले. तुमी काय म्हणता त्याला... रताळी. तुमच्या उपासाला."

चैत्राली चावायची थांबली.

"हे... हे काय आहे?"

"रताळी. तुमीच काल विचारलेलं ना, इथं कुठं मिळतात म्हणून? मी बोललो, बघतो."

"मग सकाळी जिन्यात ठेवलेली ती?"

"जिन्यात?"

"टोपलीतली. काहींना लाल दोरा बांधलेला..."

भुवनच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं पिशवी खाली ठेवली.

"ती टोपली कुठं आहे?"

चैत्रालीनं तो शेवटचा घास कसाबसा गिळला. "टोपली इथंच आहे. बाकीचं... पोटात."

आता माणूस एक तर हसेल, नाहीतर डोकं धरून बसेल. भुवननं दोन्ही एकदम केलं. पायरीवर बसला, डोकं धरलं आणि खांदे हलेस्तोवर हसत सुटला. मग डोळे पुसले.

"ते अम्माचे डेलियाचे गड्डे होते," तो म्हणाला. "वाळूत ठेवायच्या आधी मीच सकाळी जिन्यात सावलीला सुकायला ठेवलेले."

आणि गंमत बघा, ही चैत्राली मूळची विट्याची, म्हैसूरच्या एका खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळेत नोकरीला. पापडात ओलावा किती, लोणच्यात मीठ किती, सगळं यंत्रावर मोजून सांगणारी बाई! तिला रताळं आणि फुलझाडाचा कंद यातला फरक कळू नये? पण चूक डोळ्यांची नव्हतीच हो. आदल्या दिवशी भुवन ‘बघतो’ म्हणाला होता. सकाळी दार उघडलं तर पुढ्यात टोपली. त्यातल्या काहींना लाल दोरा. लाल दोरा बांधून रताळी कोण देतं? ज्याच्या मनात काहीतरी आहे तोच! एवढा हिशेब झाल्यावर रताळ्यांकडे नीट बघतो कोण? तिनं देठाकडची टोकं उडवली, साली काढल्या, तुपात मिरची घालून कीस परतला. कीस पाणीदार झाला, कडवटही लागला. पण त्यानं आणलेला, म्हणून तिनं दोन्ही वेळा तोच खाल्ला, कढईसुद्धा चाटूनपुसून. दोरा किल्ल्यांच्या जुडग्याला बांधला होता. यातलं काहीच तिनं आत्ता त्याला सांगितलं नाही.

"मला काही होणार नाही ना?" तिनं हळूच विचारलं.

भुवननं फोनमध्ये शोधलं. "खातात म्हणे. काही देशांत मुद्दाम." मग तिच्याकडे बघून म्हणाला, "पण तुमी दुकानात या एकदा. चष्म्याचा नंबर तपासून देतो. फ्री."

भुवनचं देवराज मार्केटजवळ चष्म्याचं दुकान होतं. पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर म्हैसूरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठीच बोलत, पण भातावर सारू ओतावं तसं त्या मराठीवर कन्नड ओतलेलं. नजरबादच्या त्या घरात खाली तो आणि त्याची आई जयलक्ष्मी, वर भाड्यानं चैत्राली. सध्या अम्मा हुणसूरला होत्या, लेकीच्या, सुमाच्या बाळंतपणाला. डॉक्टरांनी सुमाला प्रवास नको म्हटलं, म्हणून आईच तिकडे गेलेली.

"अम्मांना फार आवडतो का तो डेलिया?"

भुवननं मान हलवली. "टोपलीत तीन जातीचे होते. दोन कुठंही मिळतात. पण लाल दोऱ्याचा... तो अम्माच्या माहेरचा. मडिकेरीच्या अंगणातला. आता अज्जी नाही, ते घर नाही, अंगणात गाड्या लागतात. दुधात कुंकू सांडल्यासारखा रंग असतो त्याचा. दुसरीकडं कुठं बघितला नाही मी."

चैत्रालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कुणाच्या आईचं अंगण आपण तुपात परतून खाल्लं! या घरात आता कुठल्या तोंडानं राहायचं?

"रडू नका हो... साली, देठं कुठं टाकली ते तरी सांगा."

"गच्चीवर. कंपोस्टच्या माठात."

"देठाकडची टोकंपण?" तो ताडकन उठला. "अय्यो, मग चला की! गड्डा नुसता उगवत नाही. डोळा त्याच्या मानेला असतो, देठाजवळ."

"तुम्ही चष्मेवाले. तुम्हाला सगळीकडे डोळेच दिसणार."

रडतारडता ती हे बोलून गेली, आणि तो तिच्याकडे बघतच राहिला.

मग दोघं माठाभोवती बसली. चहाचा चोथा, कांद्याची टरफलं, आणि त्यात हात घालून चाचपडणारी ही दोन शहाणी माणसं! डोक्याला डोकं आपटलं. एकदा तर तिनं टोक समजून त्याचं बोटच ओढलं.

"ते माझं आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली... पण सोडायला जरा वेळच लावला.

बरीच टोकं मिळाली. कापलेल्या जागी त्यांनी राख लावली आणि ओलसर वाळूच्या ट्रेमध्ये ती चैत्रालीच्या बाल्कनीत सावलीला ठेवली. कुठलं टोक कुठल्या जातीचं, देवालाच ठाऊक. दोरे तर आधीच सुटले होते.

त्यानंतर दुकान उघडायच्या आधी भुवन रोज वर यायचा. "पेशंट कसे आहेत?" असं दारातूनच विचारायचा. ती कॉफी करायची, तो वाळूत बोट खुपसून ओल बघायचा.

"पाणी जास्त घालू नको. कुजतात."

"तहान लागली तर?"

"तुला लागली की तू पी. त्यांना राहू दे."

‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. काही टोकं कुजलीच. मग एका सकाळी वाळूतून हिरवं नाक वर आलं आणि चैत्रालीनं एवढी आरोळी ठोकली की भुवन दाढीच्या फेसासकट धावत वर आला. पाठोपाठ आणखी कोंब आले. बोटाएवढे झाल्यावर त्यानं तिला ते कापून वेगळे रुजवायला शिकवलं. एक रोप मात्र अगदीच मरतुकडं निघालं.

"हे टाकून दे. यात दम नाही."

"मुळीच नाही. खाल्लेल्याचं पाप फेडायचंय मला." तिनं ते बाल्कनीत ठेवलं, काठीचा आधार दिला. पाऊस सुरू झाल्यावर रोज सकाळी त्याच्यावरच्या गोगलगायी चमच्यानं उचलून ती पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर सोडून यायची.

"माझी कुणी एवढी काळजी घेत नाही," भुवन म्हणाला.

"तुला कुठं गोगलगायी लागल्यात?"

तो हसला. मग कुंडीकडे बघत म्हणाला, "चैत्रा... मला तुला एक सांगायचंय."

तिला कळलं. कानाची पाळी गरम झाली. तरी ती म्हणाली, "आत्ता नको. अम्मांचं फूल येऊ दे आधी. नाही आलं तर मी... मला ऐकताच येणार नाही रे."

जूनअखेर अम्मा परतल्या, नातवाचे फोटो आणि तुपाचा डबा घेऊन. कुंड्या बघून खूश झाल्या.

"यंदा कोंब कापून रोपं केली, अम्मा," भुवननं ठोकून दिलं.

"हौदा? खरंच? हा माझा आळशी मुलगा कधीपासून शिकला की!" असं म्हणत त्यांनी चैत्रालीचा दंड चाचपला. "आणि तू काय गं पोरी, सुम्ने, उगीच काहीबाही खाऊन राहतेस ना? वाळलीस किती." त्या दिवसापासून रोज वर डबा येऊ लागला. डबा उघडला की चैत्राली भुवनला हाक मारायची. "सांगून टाकू या," असं ती म्हणाली की भुवन म्हणायचा, "फूल आलं की कशाला कळतंय त्यांना?"

श्रावणातल्या वरमहालक्ष्मीच्या पूजेच्या आदल्या संध्याकाळी अंगणातल्या कुंड्या फुलल्या. एक पिवळी. तिच्या शेजारची जांभळी. सगळ्या त्याच दोन जातींच्या.

अम्मा कुंडीकुंडीपाशी वाकून बघत फिरल्या. "माझं कुठं आहे?"

"माती बदलली ना, अम्मा, त्यानं कधीकधी रंग..." भुवननं सुरू केलं.

"नाही," चैत्राली म्हणाली. "काकू, तुमचे गड्डे मी खाल्ले. शिवरात्रीला. रताळी समजून." आणि किल्ल्यांच्या जुडग्याचा लाल दोरा सोडून तिनं त्यांच्यापुढे धरला.

अम्मा पायरीवर बसल्या. "माझ्या आईनं हातानं लावलेलं होतं ते," एवढंच म्हणाल्या. चैत्राली उभ्या जागी रडत होती.

"कडू होतं ना?" अम्मांनी अचानक विचारलं.

"होतं."

"मग टाकलं का नाहीस?"

"मला वाटलं... भुवननं आणलंय."

"सगळं खाल्लंस?"

"सगळं."

"आणि हा दोरा, तो कशाला ठेवलास?"

चैत्रालीनं पदराशी खेळावं तसं ओढणीचं टोक पिरगाळलं. "वाटलं, त्यानंच बांधलाय... माझ्यासाठी."

कुंडीमागे उभ्या असलेल्या भुवनच्या हातातली झारी तिरपी झाली आणि सगळं पाणी त्याच्याच चपलांवर सांडलं. एवढे दिवस हा बाबा फुलाची वाट बघत होता, आणि हिचं उत्तर शिवरात्रीपासूनच किल्ल्यांच्या जुडग्याला बांधलेलं होतं की!

अम्मांनी एकदा मुलाच्या चपलांकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. दोरा मुठीत घेऊन उठल्या. "राग आहे मला, सांगून ठेवते. जाणार नाही लगेच. पण उद्या हळदी-कुंकवाला ये. डोळे पुसून ये."

रात्रभर पाऊस होता. सकाळी गोगलगायी वेचायला चैत्राली चमचा घेऊन बाल्कनीत गेली आणि चमचा हातातून पडला. त्या मरतुकड्या रोपानं वाकलेल्या मानेवर एक फूल उघडलं होतं. दुधात कुंकू सांडलेलं.

ती कुंडी कवटाळूनच जिना उतरली. पूजेच्या पाटापाशी बसलेल्या अम्मा फुलाकडे बघत राहिल्या. मग तोंडाला पदर लावला आणि लहान मुलीसारख्या रडल्या, हसल्यासुद्धा. या डेलियाचं पहिलं फूल त्या दरवर्षी घरच्या मुलीच्या केसांत माळायच्या, गेल्या वर्षी सुमाच्या. आज त्यांनी ते खुडलं, चैत्रालीला पाठमोरी बसवली आणि तिच्या वेणीत त्याच लाल दोऱ्यानं घट्ट बांधलं.

"हे बांधायला असतं," त्या म्हणाल्या. "खायला नाही. गोत्ताय्ता? कळलं?"

"कळलं, काकू."

"काकू नको आता. अम्मा म्हण."

नैवेद्याचं ताट घ्यायला त्या आत गेल्या, आणि जरा जास्तच वेळ आत राहिल्या. भुवन जवळ आला. वेणीतल्या फुलाला हात लावावा की नको, असं त्याला झालं.

"फूल आलं," तो म्हणाला. "आता सांगू?"

"सांग ना."

"मला तू हवीस, चैत्रा. कायमची." त्यानं शेवटी फुलाला हळूच बोट लावलं. "आणि... पुढच्या शिवरात्रीला काय खाशील?"

चैत्रालीनं ओल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि खुदकन हसली.

"तू आणशील ते. पण आधी अम्मांना दाखवून!"